एक खटका, चौऱ्याऐंशी सुट्ट्या

३ मार्च, सोमवार

साठ झाले! एकशे तेरापैकी साठ! दुपारी साठाव्या पानाखाली रेघ मारली आणि खुर्चीतच एक गिरकी घेतली. चाकांची खुर्ची आहे. शाळेत असली खुर्ची फक्त मुख्याध्यापकांना होती. शंकेखोराने पाहिलं. म्हणाला, "ताई, अजून त्रेपन्न राहिलेत." मेला! आनंदावर विरजण घालायचा याला वेगळा भत्ता मिळत असणार. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट तपासायचं काम त्याचं, म्हणून हे नाव. मीच ठेवलं. त्याला आवडलंय.

घरी आल्यावर सासूबाईंनी पुन्हा विचारलं, "पण तू तिथे करतेस काय?" पुन्हा समजावलं. आई, आमचा एक इंटरप्रिटर आहे, म्हणजे संगणकातला प्रोग्रॅम. त्याला आधी चार गोष्टी सांगायच्या. अमकी ही तमकीची मुलगी. तमकी ही ढमकीची मुलगी. मग एक नियम सांगायचा, आईची आई ती आजी. आणि मग विचारायचं, अमकीची आजी कोण? तो आपला आपण शोधून काढतो, ढमकी! सासूबाई म्हणाल्या, "एवढं तर मी न शोधता सांगते."

मग फ्लॅग सांगितले. फ्लॅग म्हणजे झेंडा, पण मला ते दिव्याचे खटकेच वाटतात. इंटरप्रिटरने कसं वागायचं ते ठरवणारे खटके. तो चालू असतानाच फिरवायचे. बडबड किती करायची, अपूर्णांक किती घरांपर्यंत दाखवायचा, चुकलं तर थांबायचं की रेटायचं. असे एकशे तेरा. प्रत्येक फिरवायचा, काय होतं ते बघायचं, आणि माणसाला कळेल असं एक पान लिहायचं. हे माझं काम.

"दिवसभर खटके दाबतेस!" सासूबाई. मग थोड्या वेळाने, "बरी दिसतेस पण हल्ली."

दिसतेच! एकवीस वर्षं गणित शिकवलं, शाळा बंद पडली, दोन वर्षं घरी बसले. भांडी लखलखीत आणि डोकं गंजलेलं. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी उमेदवारी! एक जानेवारी ते एकतीस मार्च. मग ऑफिसच्या मुख्य बाई ठरवणार, ठेवायचं की नाही. मला राहायचंय. इथे लिहायला काय हरकत आहे — मला फार फार राहायचंय.

४ मार्च, मंगळवार

एकसष्टावं पान वाचून बाई म्हणाल्या, "ठीक." बाईंचं ठीक म्हणजे इतरांचं वा वा! तरंगत घरी आले.

६ मार्च, गुरुवार

आज मशीन पार अडकवलं. मज्जा!

खटक्याचं नाव ऑकर्स चेक. एखादी पेटी त्याच पेटीत ठेवायला सांगितली तर काय करायचं, हे तो ठरवतो. चालू असला तर इंटरप्रिटर शहाण्यासारखा म्हणतो, हे जमणार नाही. बंद असला तर बिचारा ठेवायला जातो. मी बंद केला आणि म्हटलं, दाखव बाबा काय झालं ते. पेटी, तिच्यात पेटी, तिच्यात पेटी... पडदाभर नुसते कंस धावत सुटले! थांबेचनात. मी टाळ्या वाजवल्या. बाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या, कानावर पेन्सिल. सव्वीस वर्षांपूर्वी हा इंटरप्रिटर एकटीने लिहिलाय त्यांनी. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बंद करायचं कसं, तेही लिहा," म्हणाल्या आणि गेल्या. पण हसल्या. शंकेखोर म्हणतो हसल्या नाहीत. हसल्या!

९ मार्च, रविवार

रविवार, आणि ड्रायव्हरसाहेब ड्यूटीवर. अकरा महिने झाले, एकही रविवार मिळालेला नाही. मला सुट्टी तेव्हा हे बस चालवणार, यांना बुधवारी सुट्टी तेव्हा मी खटके फिरवणार. संसार आहे की पाळीपाळीने धरलेली खुर्ची!

डेपोतली ड्यूटीची यादी आमच्याच इंटरप्रिटरवर निघते. मला तिथे लागल्यावर कळलं. यांना म्हटलं, मग तुमच्या हजेरीमास्तरांना सांगा की, एक रविवार द्या म्हणून. हे म्हणाले, "मास्तर? अगं, त्या खिडकीतून आजवर 'हो' बाहेर आलेलं कुणी ऐकलेलं नाही. निवृत्त व्हायला महिना राहिलाय त्यांना, पण नाही म्हणजे नाही."

कपाट आवरलं. सासूबाईंशी पत्ते खेळले. त्या लबाडी करतात.

११ मार्च, मंगळवार

आजच्या खटक्याने डोकं फिरवलं. नाव अननोन. प्रश्न असा — ज्याबद्दल कधी काही सांगितलेलंच नाही, असं काही विचारलं तर इंटरप्रिटरने काय करावं? तीन पर्याय. एरर — लाल अक्षरांत ओरडायचं, हे काय आहे मला माहीतच नाही! आणि तिथेच थांबायचं. वॉर्निंग — कुरकुर करायची, पण पुढे जायचं. आणि फेल — गुपचूप "नाही" म्हणून मोकळं व्हायचं.

गुपचूप नाही! मी विचारलं, अमकीला भाऊ आहे का? भावाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नव्हतं. तर हा ठोंब्या म्हणतो, नाही. अरे, तुला माहीत नाही ना? मग तसं म्हण की! शाळेत आमचा एक कारकून होता, थेट अस्साच. दाखला मागितला की कपाट न उघडताच "नाहीये." लोक दोन दोन वेळा हेलपाटे घालायचे. कपाटात दाखला असायचा!

बाईंना जाऊन म्हटलं, हा फेल पर्याय ठेवलाच कशाला? म्हणाल्या, "काही कामांना लागतो. मुळात खटका एररवर असतो. फिरवणाऱ्याला कळलं पाहिजे आपण काय फिरवतोय." बरं.

पण एक झालं. पानांसाठी नमुने छापायला घेतले तर मध्येमध्ये ते लाल ओरडणं. पान कसं घाण दिसायला लागलं. म्हणून इंटरप्रिटर उठल्याबरोबर जी फाईल वाचतो, ती सुरुवातीची फाईल, तिच्या माझ्या फोल्डरमधल्या प्रतीत मी एकच ओळ टाकली — अननोन फेलवर. ओरडणं बंद! पानं स्वच्छ, पाटीसारखी. नमुने झाले की काढायची ओळ.

१४ मार्च, शुक्रवार

नवी आवृत्ती गेली! डेपोत, दोन ग्रंथालयांत, आणखी कुठे कुठे. माझी पानं त्यात आहेत! अपुरी का होईनात, पण आहेत. शंकेखोराने सकाळी विचारलं, "ताई, तुमचं फोल्डर उचलू का, नमुन्यांसकट?" मी म्हटलं, उचल की. अख्ख्या जगावर शंका घेणारा माणूस, पण बाईमाणूस आणि त्यातून शिक्षिका म्हटल्यावर फोल्डर उघडूनही पाहिलं नाही. विश्वास असावा तर असा!

चहा झाला. बाईंनी स्वतः बिस्किटं आणली. प्रत्येकी दोन.

१५ मार्च, शनिवार

सुट्टी! उद्या रविवार आणि ड्रायव्हरसाहेबांना सुट्टी! दारातूनच ओरडत आले. यादीत नावापुढे चक्क "सुट्टी". मी म्हटलं, नीट वाचलंत ना? फोनवर काढलेला यादीचा फोटो नाकासमोर धरला माझ्या. सासूबाई म्हणतात, आपण तिघं तळ्यावर जाऊ. जाऊच!

१६ मार्च, रविवार

असा दिवस आयुष्यात झाला नाही. क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी राहील.

सव्वाआठला निघालो. डबा, पाण्याच्या बाटल्या, सासूबाईंची घडीची खुर्ची. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रविवारी पहिली बस साडेआठची. थांब्यावर उभे राहिलो. पावणेनऊ. नऊ. बसचा पत्ता नाही. थांब्यावर माणसं वाढत चालली. आणि आमचे हे तापायला लागले! "काय चाललंय काय? अर्धा तास? लोकांनी करायचं काय? कामचुकार लेकाचे!" वीस वर्षं बसच्या आतून थांब्याकडे पाहिलेला माणूस. पहिल्यांदाच थांब्यावरून रस्त्याकडे बघत होता. मला हसू आवरेना. मी म्हटलं, अहो, सावकाश, तुमचेच भाऊबंद आहेत. "भाऊबंद असले म्हणून काय झालं! उद्या नाव घेऊन विचारतो एकेकाला."

तेवढ्यात समोरून यांचा मित्र आला. पहिलवान म्हणतात त्याला, तोही ड्रायव्हरच. बायको, जुळ्या मुली, मोठा चेंडू.

"तू इथे कसा?" हे.

"सुट्टी आहे. तू?"

"मलाही सुट्टी."

दोघं खूश. पाठीवर थापा. मग रस्त्यापलीकडून मिशीवाला ड्रायव्हर आला, आई-वडिलांना घेऊन. त्यालाही सुट्टी. यांचा चेहरा जरा बदलला. खिशातून फोन काढला, यादी उघडली आणि या वेळी पहिल्या नावापासून वाचायला लागले. सुट्टी. सुट्टी. सुट्टी. बोट खाली खाली सरकत होतं. चौऱ्याऐंशी ड्रायव्हर, चौऱ्याऐंशी सुट्ट्या! आणि एकानेही स्वतःच्या नावापलीकडे यादी वाचली नव्हती. वाचतो कोण! आपली सुट्टी दिसली की माणूस फोन खिशात घालतो आणि घरी पळतो.

थांब्यावर एक नर्सबाई होत्या, पांढऱ्या गणवेशात. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "म्हणजे बस येणारच नाही? माझी नऊची पाळी आहे! रात्रपाळी करून जागलेली मुलगी तिथे माझी वाट बघत बसलीय!" तिघंही ड्रायव्हर खाली मान घालून उभे. मग हे म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी पहिली गाडी काढतो." आणि पळत सुटले!

पुढे हे, मागे पहिलवान, त्याच्यामागे मिशीवाला, मग आम्ही बायका, डबे, चेंडू, आणि मी बगलेत घडीची खुर्ची धरून. सासूबाईंना कुणीतरी स्कूटरवर घेतलं. त्या आमच्या पुढे निघून गेल्या, हात हलवत! डेपोच्या फाटकावर पहारेकरी डोक्याला हात लावून बसलेला. "अहो, मास्तरांचा फोन बंद, मॅनेजरसाहेब परगावी, आणि ज्याला फोन करावा तो म्हणतो मला सुट्टी आहे!"

दहाच्या आत पहिली गाडी बाहेर. यांचीच. नर्सबाईंना दवाखान्याच्या दारात सोडलं. त्या उतरताना म्हणाल्या, "आभार मानणार नाही मी." बरोबरच होतं त्यांचं. यांनी मान डोलावली.

मग एकेक ड्रायव्हर येत गेला, एकेक गाडी निघत गेली, आणि घरच्यांना सोडणार कुठे? सगळ्यांची माणसं गाडीतच! पहिलवानाच्या जुळ्या तिकिटं फाडत होत्या. मी यांच्या मागच्या सीटवर. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण यांना गाडी चालवताना मी अशी बसून कधी पाहिलंच नव्हतं. हे बसशी बोलतात! चढ आला की "चल गं बाई, चल." उतारावर "हळू." घरी माझ्याशी बोलतात तस्संच — म्हणजे माझ्याशी बोलतात तसं बसशी की बसशी बोलतात तसं माझ्याशी, ते विचारायला हवं. सासूबाई दारापाशी आपली खुर्ची मांडून प्रत्येक थांब्याचं नाव ओरडत होत्या. दोन नावं चुकीची सांगितली. लोक उतरले आणि परत चढले. कुणी चिडलं नाही.

तळ्यापर्यंत चार खेपा झाल्या. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं गाडी उभी असते, तेवढ्यात आम्ही डबा खाल्ला. पायात चपला न घालता. हे म्हणाले, "झाली की गं सहल." झालीच. पाय दुखताहेत. फार सुखात आहे मी.

१७ मार्च, सोमवार

ते मीच केलं.

सकाळी डेपोच्या मॅनेजरांचा फोन. तक्रार. असं झालं होतं — हजेरीमास्तरांना दर शनिवारी आठवड्याचा तक्ता इंटरप्रिटरमध्ये भरावा लागतो. अमका ड्रायव्हर, अमकी वेळ, अमका रस्ता. मास्तर तो भरायला हमखास विसरतात. मग इंटरप्रिटर ओरडतो, ड्यूटी म्हणजे काय मला माहीतच नाही! मग मास्तर "हो रे बाबा" म्हणून तक्ता भरतात. एकतीस वर्षांच्या नोकरीतली गेली नऊ वर्षं हे असंच चाललंय, आणि छान चाललंय. या शनिवारी तो ओरडला नाही. याला ड्यूटी आहे का? नाही. त्याला? नाही. चौऱ्याऐंशी वेळा गुपचूप नाही. आणि ड्यूटी नाही त्याच्यापुढे यादी "सुट्टी" लिहिते.

शंकेखोराने डेपोतून त्यांची सुरुवातीची फाईल मागवली. उघडली. "अननोन फेलवर! आपल्या मूळ फाईलमध्ये ही ओळ नाही, बाई. त्यांच्याकडेच कुणीतरी टाकली असणार. मास्तर हात घालतात नेहमी." बाईंनी "हं" म्हटलं. मॅनेजरांना तसं कळवलं.

मी पडद्याकडे बघत बसले. पाचावर धारण बसली होती. ओळ माझी होती. माझ्या फोल्डरमधून गेलेली. अजून होती तिथेच! ज्या खटक्यावर मी कारकुनाच्या नावाने शिमगा केला, तोच मी फिरवून ठेवला. कशासाठी? पान स्वच्छ दिसावं म्हणून!

१८ मार्च, मंगळवार

आज सांगायचं होतं. सांगितलं नाही. तेरा दिवस राहिलेत माझे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दिवसभर स्वतःला सांगितलं. एकही पान धड झालं नाही.

१९ मार्च, बुधवार

सुट्टी असूनही हे डेपोत चक्कर मारून आले आणि बातमी आणली. मास्तरांची चौकशी लागली. फाईलमध्ये ढवळाढवळ केली म्हणून. एकतीस वर्षांत एक लाल शेरा नाही, आणि निरोपाला बारा दिवस राहिले असताना चौकशी! चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि चोर इथे बसून भाजी निवडत होता.

निवडता निवडता यांना सगळं सांगून टाकलं. हे आधी हसले. असे हसले की ठसका लागला. "म्हणजे मला रविवार तू दिलास!" मग माझं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

"सांगितलं तर ठेवणार नाहीत मला," मी म्हटलं.

"नसतील ठेवत."

"मला राहायचंय हो तिथे."

"माहितीये. पण अगं, गाडी मी ठोकली तर कंडक्टरचं नाव सांगत नाही मी."

मग भाजी त्यांनीच निवडली. दांड्यांसकट टोपलीत घातली सगळी.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं! नऊ वाजून दहा मिनिटांनी. उभ्या उभ्या. बाई, ती ओळ माझी आहे. बाईंनी कानावरची पेन्सिल काढली. "लिहून द्या."

अर्धं पान लिहून दिलं. बाईंनी वाचलं, एके ठिकाणी स्वल्पविराम घातला. "उद्या डेपोत जाऊ. मी येते." आणि कामाला लागल्या. रागावल्या असत्या तरी चाललं असतं!

शंकेखोर दिवसभर माझ्याकडे बघेना. संध्याकाळी म्हणाला, "ताई, मी तुमच्या फोल्डरवर शंका घ्यायला हवी होती." एवढासा झाला होता बिचारा. म्हटलं, आता घेत जा रे बाबा, रोज घे.

हलकं वाटतंय मात्र. भूक लागलीय.

२१ मार्च, शुक्रवार

डेपो. मॅनेजरांचं टेबल फळ्याएवढं, त्यावर एकच कागद. माझा. मास्तर कोपऱ्यात उभे. पहिल्यांदाच जवळून पाहिले. किडकिडीत, कडक कॉलर, नजर बुटांवर.

मी म्हटलं, मास्तरांचा यात काही दोष नाही. ते विसरले की मशीन ओरडतं, ही त्यांची रीत. या वेळी मशीनचं तोंड मी बंद केलं होतं.

मॅनेजर बाईंना म्हणाले, "असली माणसं ठेवता तुम्ही?"

"अजून ठरलेलं नाही," बाई म्हणाल्या.

चौकशी मात्र तिथल्या तिथे रद्द! मॅनेजरांनी खणातून चौकशीचा कागद काढून फाडला. पहिलवान खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होता, त्याने शिट्टी वाजवली. बाहेर आल्यावर मास्तरांनी मला पाण्याचा पेला दिला. "ताई, मला..." म्हणाले आणि पुन्हा बुटांकडे बघायला लागले. मी म्हटलं, मास्तर, राहू द्या, माझीच चूक होती. त्यावर तर ते पाठच फिरवून गेले.

२४ मार्च, सोमवार

बाईंनी अननोनचं पान परत दिलं. वर पेन्सिलीने, "पुन्हा लिहा. आता तुम्हाला माहीत आहे." बस. एवढंच.

चार वेळा लिहिलं. पाचव्यांदा जमलं. चौऱ्याऐंशी ड्रायव्हर घातले, थांब्यावरची माणसं घातली, नर्सबाई घातल्या. "स्वच्छ दिसावं म्हणून हा खटका फिरवू नका. ओरडणारा इंटरप्रिटर तुमच्या भल्यासाठी ओरडतो." जाणार असेन तर जाताना एक पान तरी बरं लिहून जाते! लिहिताना मध्येच हसत होते. आपल्याच फजितीचा नमुना करायला इतकी मजा येते हे माहीत नव्हतं.

२६ मार्च, बुधवार

शहाण्णव पानं झाली. सुरुवातीच्या फाईलमधून ओळ काढली. शंकेखोराने तीनदा तपासलं, मग मला तपासायला लावलं, मग पुन्हा स्वतः.

२८ मार्च, शुक्रवार

ठेवलं! ठेवलं! ठेवलं!

बाईंनी बोलावलं. दोन ओळींचं पत्र. कायम. मी तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसलंच नाही. बाई म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत त्या खटक्यावर मी सात वेळा पान लिहिलं. कुणी वाचलं नाही. तुमचं काल डेपोच्या मॅनेजरांना पाठवलं. त्यांनी छापून भिंतीवर लावलंय." मग म्हणाल्या, "चुका सगळेच करतात. मला लिहून आजवर कुणी दिलं नव्हतं." आणि पेन्सिल कानावर. मुलाखत संपली!

डेपो नवी आवृत्ती ठेवणार. अट एकच, सुरुवातीची फाईल दोघांनी वाचल्याशिवाय जायची नाही. शंकेखोराने मला चाकांच्या खुर्चीत बसवून अख्ख्या खोलीतून फिरवलं. बाईंनी दार लावून घेतलं. हसू ऐकू येत होतं आतून. या वेळी शंकेखोरानेही कबूल केलं.

सासूबाईंना सांगितलं. "म्हणजे आता रोज खटके?" रोज, आई, रोज! ड्रायव्हरसाहेबांनी ऐकलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घरभर उगीच हिंडत राहिले.

३१ मार्च, सोमवार

मास्तरांचा निरोपसमारंभ होता. मलाही बोलावलं. भाषणं, फुलं, चहा. निघताना मास्तरांनी मला फाटकाशी गाठलं.

"ताई, ती यादी मी वाचली होती."

कुठली यादी?

"त्या शनिवारची. मी प्रत्येक यादी वाचतो, पट्टी ठेवून, एकेक नाव. तक्ता भरायचा राहिलाय हे तिसऱ्या नावालाच कळलं. शेवटपर्यंत वाचली. फोन बंद केला आणि यादी फलकावर डकवून आलो." पुढे म्हणाले, "तुम्हाला काढलं असतं तर उभा राहून सांगितलं असतं, शप्पथ. त्या नर्सबाईंच्या पाया पडून आलोय."

पण का हो, मास्तर?

"एकतीस वर्षं माणसं खिडकीशी येऊन रविवार मागतात. कुणाची आई आजारी, कुणाच्या पोरीचा वाढदिवस. एकतीस वर्षं नाही म्हणत आलो. त्या दिवशी सगळ्यांची सुट्टी छापून हातात आली हो! म्हटलं, जाऊ देत एकदा सगळे घरी."

सायकलवर टांग टाकली आणि शीळ घालत गेले.